बॉनेटखालचा राखाडी पुठ्ठा

प्रश्न: काकांची १९६४ सालची गाडी आता माझ्याकडे आली आहे. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. बॉनेट उघडलं तर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, राखाडी-पांढरा, पुठ्ठ्यासारखा थर दिसला. कडा फुटल्यात, एक कोपरा लोंबतोय. आत गालिच्याखाली काळपट नमदा आणि त्याच्याखाली पत्र्याला चिकटलेले डांबरी तुकडे. मागच्या आठवड्यात मी तो लोंबणारा कोपरा ओढून काढला, खाली पडलेला चुरा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने उचलला. नंतर एक मित्र म्हणाला, ते अ‍ॅस्बेस्टॉस असेल. दुसरा म्हणतो, काडी लावून बघ, जळलं नाही तर समज. तेव्हापासून गाडीला हात लावलेला नाही. हे ओळखायचं कसं? मीच काढू का? आणि मी माझं किती नुकसान करून घेतलंय?
– बॉनेट उघडं टाकून बसलेला

उत्तर: तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्याआधी मी एक विचारतो. तो व्हॅक्यूम क्लीनर आत्ता कुठे आहे? घरात असेल आणि अजून वापरात असेल तर आधी बंद करा. घरगुती व्हॅक्यूमच्या पिशवीत जाड धूळ अडकते, अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे बारीक तंतू मात्र आरपार जातात आणि मागच्या जाळीतून खोलीभर पसरतात. पिशवी उघडून बघू नका, झटकायची तर बातच नको. नळीच्या तोंडाला चिकटपट्टी लावा, अख्खं यंत्र जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत बाजूला ठेवून द्या. निकालात काही निघालं नाही तर यंत्र पुन्हा वापरा. निघालं तर ते यंत्र गेलं असं समजा. आतली मोटर, नळी, सांधे, हे सगळं खात्रीने साफ करणं घरी कुणाला जमत नाही. शेडमध्ये चुरा पडला होता तिथे केरसुणी फिरवू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि फडकं त्याच पिशवीत टाका. त्या दिवशीचे कपडे अजून न धुता कुठे टांगलेले असतील तर तेही तिथेच.

आता तुमच्या भीतीबद्दल. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारे मोठे आजार तीन: फुफ्फुसं कडक होत जाणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा. यांचे रुग्ण बहुतांशी वर्षानुवर्षं त्या धुळीत राबलेले कामगार असतात. खाणीतले, गोदीतले, बॉयलरला लेप देणारे. आजार दिसायलाही फार वेळ घेतो, साधारण २० ते ४० वर्षं, कधी त्याहून जास्त. एक कोपरा ओढल्याने तुमच्या जोखमीत पडलेली भर अगदी थोडी आहे. मात्र अमुक इतक्या धुळीपर्यंत काहीच होत नाही अशी रेघ कुणाला मारता आलेली नाही. त्यामुळे झालं ते उगाळत बसू नका आणि पुन्हा तसं करू नका. आत्ता एक्स-रे काढून काहीही कळणार नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा कानावर घाला, नोंद राहील. आणि सिगारेट ओढत असाल तर ती सोडा. अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता दोन्हींची बेरीज होऊन थांबत नाही, त्याहून कितीतरी वर जातो.

सगळी गडबड त्या तंतूच्या मापात आहे. हवेतले तंतू मोजताना प्रयोगशाळा जे धरते ते ५ मायक्रॉनहून लांब आणि ३ मायक्रॉनहून बारीक असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे यातला एखादा तंतू डोळ्यांना दिसण्याचा प्रश्नच नाही. बंद शेडमधल्या स्थिर हवेत ते तासन्‌तास तरंगत राहतात. नाकाला वास नाही, घशाला खवखव नाही, शिंक नाही. फायरवॉलवर नुसता बसलेला पुठ्ठा कुणाला काही करत नाही. तो फाटला, घासला, झटकला, वाऱ्याने उडवला की खेळ सुरू होतो. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे: धूळ होऊ द्यायची नाही.

ओळखायचं कसं, तर डोळ्यांनी नाही. पटणार नाही, कारण इंटरनेटवर फोटो टाका, दहा जण ठामपणे सांगतील. तरीही डोळे अगदीच निरुपयोगी नाहीत. कशाचा संशय घ्यायचा आणि कशाचा नाही, एवढं ते सांगू शकतात.

काळपट नमद्यापासून सुरुवात करू. एका कडेला टॉर्च मारा. फाटलेल्या कडेत मध्येच लाल, निळा, हिरवा दोरा डोकावत असेल तर तो चिंध्या पिंजून केलेला नमदा आहे. त्या काळच्या गाड्यांत गालिच्याखाली सर्रास तोच असायचा. तपकिरी, खरखरीत आणि गोणपाटाचा वास असेल तर ताग. सीटमध्ये दाबल्यावर परत वर येणारे जाड कुरळे केस दिसले तर घोड्याचे केस किंवा रबरात बसवलेला काथ्या. या सगळ्यांचा धोका वेगळा आहे, त्याकडे पुढे येतो. पिवळा किंवा गुलाबी, टॉर्चखाली चकाकणारा आणि हाताला लागला की खाज सुटणारा कापूस म्हणजे ग्लास वूल. त्याने कातडी, डोळे, घसा चुरचुरतो. पण कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, इन्सुलेशनची ग्लास वूल आणि रॉक वूल (वितळवलेल्या दगडाची) तिसऱ्या गटात ठेवली आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो असं म्हणण्याइतका पुरावा नाही. अ‍ॅस्बेस्टॉस, मग तो कुठल्याही रंगाचा असो, पहिल्या गटात आहे.

घोळ होतो तो राखाडीपाशी. रॉक वूल राखाडी, अ‍ॅस्बेस्टॉसचा मिलबोर्ड, म्हणजे तंतू दाबून केलेला पुठ्ठा, राखाडी, आणि कागदाचा लगदा दाबून केलेला साधा बोर्डही वर्षानुवर्षं इंजिनची धग खाऊन राखाडीच होतो. मिलबोर्डला चकाकी नसते, वरून तो गुळगुळीत असतो, फाटल्या कडेला मऊ लव दिसते. भिंगाखाली त्याचा तंतू उभा चिरत जातो, एकातून आणखी बारीक निघत राहतात. काचेचा तंतू मात्र आडवा, कटकन तुटतो. हा फरक खरा आहे, पुस्तकात वाचायला छानही आहे. पण तो बघायचा म्हणजे फाटलेली कड नाकाशी धरायची, आणि नेमकं तेच करायचं नाहीये.

काडी लावण्याचा सल्ला देणाऱ्या मित्राला माझा निरोप द्या. तंतू न जळणं यावरून फक्त एवढंच कळतं की तो न जळणाऱ्यांपैकी आहे. काच जळत नाही, रॉक वूल जळत नाही, सिरॅमिक फायबर जळत नाही. उलट अ‍ॅस्बेस्टॉसच्या कागदात आणि बोर्डात बांधणीसाठी स्टार्च, लगदा असं काहीबाही घातलेलं असायचं. ते जळतं, धूर निघतो आणि माणूस ‘जळलं बुवा’ म्हणून निर्धास्त होतो. जाळून बांधणी गेली की उरलेले तंतू सुटे होऊन आणखी सहज उडतात. थोडक्यात, या परीक्षेत ‘हो’ चुकीचं असू शकतं, ‘नाही’सुद्धा चुकीचं असू शकतं, आणि परीक्षा घेणाऱ्याच्या नाकात धूळ जाते ती वेगळीच.

गाडीच्या सालावरून थोडा अंदाज बांधता येतो. ब्रिटनने निळ्या आणि तपकिरी अ‍ॅस्बेस्टॉसवर १९८५ मध्ये बंदी घातली, पांढऱ्यावर १९९९ मध्ये. ऑस्ट्रेलियात सरसकट बंदी २००३ च्या ३१ डिसेंबरपासून आहे, युरोपीय संघात २००५ पासून, कॅनडात २०१८ पासून. अमेरिकेत क्रायसोटाइलच्या, म्हणजे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या, उरलेल्या वापरांवर बंदीचा नियम निघायला २०२४ उजाडलं. तुमची गाडी १९६४ ची. तेव्हा कुठेच बंदी नव्हती आणि उष्णतेजवळ कुठलीही वस्तू बसवायची तर अ‍ॅस्बेस्टॉस हाताशी असायचंच. पण सालावर विसंबून राहू नका. गाडी १९६४ ची असली तरी पुठ्ठा ऐंशीच्या दशकात कुणीतरी बदललेला असू शकतो. आणि गाडी नव्वदच्या दशकातली असली तरी तिच्या ब्रेकमध्ये जुन्या साठ्यातले लायनर (घासणाऱ्या पट्ट्या) असू शकतात. ऑस्ट्रेलियात बाहेरून येणाऱ्या जुन्या गाड्या याच कारणाने सीमेवर अडकतात. गाडीच्या कागदांवर काही लिहिलेलं असो, गॅस्केट आणि लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस नाही हे आयात करणाऱ्याला दाखवून द्यावं लागतं.

संशय घेण्याच्या जागा सांगून ठेवतो. फायरवॉलची दोन्ही अंगं, बॉनेटच्या आतलं अस्तर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची आणि सिलिंडर हेडची गॅस्केट, सायलेन्सरच्या पाइपावर गुंडाळलेली पट्टी, पाइप आणि फ्लोअर यांच्यामधला आडपडदा, गिअरबॉक्सवरचा उंचवटा, हीटरच्या डब्याच्या सांध्यातल्या पट्ट्या, ब्रेक, क्लच प्लेट. यात हीटरकडे लोकांचं लक्ष जात नाही. तिथला पंखा थेट तुमच्या तोंडावर हवा सोडतो. निकाल येईपर्यंत तो चालू करू नका.

नमुना कसा काढायचा ते नीट वाचा, कारण ही एकच गोष्ट मी तुम्हाला बिनधास्त करू देईन. ती सुद्धा मास्क लावून, कोणता ते पुढे सांगतो. आधी बॅटरीची केबल काढा, फायरवॉलवर वायरिंग असतं आणि आपण पाणी मारणार आहोत. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका. नुसतं पाणी वरून ओघळून जातं, साबणाचं आत मुरतं. फवारणीच्या हातपंपाने, तुषार बारीक ठेवून, ती जागा भिजवा. थांबा. पुन्हा भिजवा. धार मारू नका, तिच्यानेही तंतू उडतात. मग आधीच फाटलेल्या कडेपाशी धारदार सुरीने नाण्याएवढा तुकडा कापा, ओढू नका. तुकडा वरपासून पत्र्यापर्यंत पूर्ण जाडीचा हवा, कारण कित्येकदा वर साधा बोर्ड असतो आणि खरा माल मधल्या थरात. झिपच्या पिशवीत घाला, ती दुसऱ्या झिपच्या पिशवीत, वर लिहा: कुठून काढला, कोणता थर. कापलेल्या जागेवर चिकटपट्टी लावा. सुरी ओल्या कागदाने पुसा, कागद कचऱ्याच्या पिशवीत. तुमच्या पत्रात तीन वस्तू आहेत, म्हणजे किमान तीन नमुने. पुठ्ठ्यात निघालं नाही म्हणून डांबरात नाही असं होत नाही.

प्रयोगशाळा अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करणारी, मान्यताप्राप्त हवी. रक्त-लघवीवाली नाही, हे सांगायची गरज नसावी, पण विचारणारे विचारतात. पुठ्ठ्यासाठी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी पुरते. डांबरी तुकड्याबाबत मात्र प्रयोगशाळेला आधीच सांगा. डांबरात तंतू गाडले जातात, साध्या सूक्ष्मदर्शकाला बारीक तंतू चुकतात आणि असताना ‘नाही’ असा निकाल येऊ शकतो. अशा नमुन्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची तपासणी मागून घ्या. निकालात क्रायसोटाइल, अमोसाइट (तपकिरी) किंवा क्रोसिडोलाइट (निळा) असं नाव आणि टक्केवारी येईल. गाड्यांत बहुधा क्रायसोटाइल निघतं. मग कुणीतरी येऊन सांगतं, पांढरा तेवढा वाईट नसतो. त्यांचं ऐकू नका. पांढऱ्यानेही कर्करोग होतो.

आता समजा पुठ्ठ्यात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. मीच काढू का, या प्रश्नाला माझं उत्तर: तुमच्याबाबतीत नको. गॅस्केटमध्ये तंतू रबर-राळेत घट्ट बांधलेले असतात, ओलं ठेवून शांतपणे केलं तर ते काम सांभाळता येतं. फायरवॉलवरचा फुटलेला, हाताने चुरगळणारा बोर्ड ही वेगळी जात आहे. तो साठ वर्षं तापलाय, त्याची बांधणी गेलीय, आणि तो निघतो तो तुकड्यातुकड्यांनी, डोकं बॉनेटखाली घालून. बऱ्याच देशांत असला माल परवानाधारक माणसांशिवाय काढायला कायद्यानेच मनाई आहे. आधी तुमच्याकडचा नियम बघा. नियम परवानगी देत असला तरी मी म्हणेन, हे काम विकत घ्या आणि तुमचे हात बाकीच्या गाडीला लावा, तिच्यात कामाला तोटा नसणार.

तोवर लोंबता भाग भिजवून, चिकटपट्टीने जागच्या जागी बसवून, वरून प्लास्टिक लावून ठेवा. इंजिन चालू करायचं नाही. आणि तुमच्यासारखाच पुठ्ठा दुसऱ्या कुणाच्या गाडीत असेल पण तो सलग असेल, कडा शाबूत असतील, तर त्यांना माझा सल्ला आहे की काढूच नका. उष्णता सहन करणारा रंग हलक्या हाताने, ब्रशने लावा किंवा वरून अ‍ॅल्युमिनियमचं आवरण बसवा, कडा बंद करा, आणि तिथे ‘आत अ‍ॅस्बेस्टॉस आहे, घासू नये’ अशी पाटी लावा. गाडी अस्सल राखणाऱ्यांनाही हे बरं पडतं. सगळं ओरबाडून नव्याने करायची हौस ज्यांना असते त्यांनी ती रंगकामात भागवावी.

तरीही काही वाचक हे स्वतःच करणार, म्हणून किमान गोष्टी सांगतो. अर्ध्या चेहऱ्यावर घट्ट बसणारा रबरी मास्क आणि त्याला पी१०० किंवा पी३ दर्जाचे फिल्टर. कापडी आणि सर्जिकल मास्क बिनकामाचे, एकदा वापरून टाकायचा एन९५ देखील या कामासाठी पुरेसा धरत नाहीत. दाढी असेल तर मास्क बसत नाही. दाढी ठेवा नाहीतर काम करा. अंगात टोपीसकट एकदा वापरायचा सूट, बाह्या आणि हातमोजे यांच्या सांध्याला पट्टी. गाडीखाली आणि भोवती ०.१५ मिलिमीटर तरी जाडीचं प्लास्टिक अंथरलेलं. पंखा बंद. शेडमध्ये दुसरं कुणी नको, मुलं आणि कुत्री-मांजरं तर नकोतच. सतत ओलं, मोठ्यात मोठ्या तुकड्यात, मोडायचं नाही, उचललं की थेट पिशवीत. शेवटी सगळे पत्रे ओल्या फडक्याने पुसायचे, किंवा खरा हेपा व्हॅक्यूम वापरायचा, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरतो आणि ज्याचे सांधेही बंद असतात. साध्या यंत्रात हेपा नावाचा फिल्टर कोंबून हे होत नाही. सूट उतरवताना आधी भिजवायचा, मग आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत काढायचा, मास्क सगळ्यात शेवटी. मग अंघोळ. हे कपडे घरच्या धुण्यात गेले तर काय होतं हे कारखान्यांच्या इतिहासात नोंदलेलं आहे: नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या, कारखान्यात कधी पाऊलही न ठेवलेल्या बायकांना मेसोथेलिओमा झालेला आहे. कचरा दोन पिशव्यांत, वर लिहून, आणि घातक कचरा घेणारी अधिकृत जागा आधी शोधून मगच काम सुरू करायचं. पिशव्या भरल्यावर शोधाशोध करणारे शेवटी रात्री कुठेतरी टाकून येतात.

एवढं सगळं पुठ्ठ्याबद्दल झालं, पण खरं सांगू? तुमच्या गाडीत मला जास्त काळजी त्या वस्तूची आहे जिचा तुम्ही पत्रात उल्लेखच केला नाही. ब्रेक. पुठ्ठा एकदाच निघतो. ड्रम दर थोड्या दिवसांनी उघडला जातो, आणि उघडला की मेकॅनिकचा हात सवयीने कॉम्प्रेसरच्या नळीकडे जातो. फुर्रकन हवा मारली की आतली सगळी काळी पावडर ढग होऊन वर येते, नेमकी वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर. ब्रेकच्या धगीने क्रायसोटाइलचा मोठा भाग फोर्स्टेराइट नावाच्या वेगळ्या, तंतू नसलेल्या खनिजात बदलतो, त्यामुळे जुन्या ड्रममधल्या पावडरीत वाटतं त्यापेक्षा कमी तंतू असतात हे खरं आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत आठ तासांच्या कामात हवेच्या एका घनसेंटिमीटरमागे ०.१ तंतू एवढीच मर्यादा आहे, आणि ब्रेक-क्लचच्या कामाला हेपा व्हॅक्यूमची बंदिस्त पेटी किंवा ओली पद्धत सक्तीची आहे.

याहून वाईट आहे न वापरलेल्या जुन्या लायनरचं प्रकरण. जुन्या गाड्यांचा शौक असलेल्यांत मूळ खोक्यातला, शिक्का न तुटलेला ब्रेक शू मिळाला की आनंदाला पारावार नसतो. त्या लायनरला धग कधी लागलेलीच नाही, म्हणजे त्यातले तंतू जसेच्या तसे आहेत. मग तो ड्रमला नीट बसावा म्हणून कडा ग्राइंडरवर धरतात, रिवेटसाठी भोकं पाडतात. या छंदात यापेक्षा वाईट धूळ होत नसेल. खोकं कपाटात शोभेला ठेवा आणि गाडीला आजचे अ‍ॅस्बेस्टॉसविरहित लायनर लावा. जुने काढताना ड्रम बोटभर सरकला की फटीतून साबणाचं पाणी सोडा, खाली पसरट घमेलं ठेवा, घाण त्यात गळू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. ड्रम निघत नाही म्हणून हातोडी मारायची वेळ आली तर आधी भिजवा. क्लचच्या घंटीच्या आकाराच्या झाकणातही हेच. मॅनिफोल्डचं गॅस्केट चिकटलं असेल तर भिजवून, बोथट पटाशीने खरवडा. ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश तिथे नको.

डांबरी तुकड्यांविषयी थोडक्यात. ते आवाज दाबण्यासाठी असतात, उष्णतेसाठी नाही. निकालात अ‍ॅस्बेस्टॉस नसेल तरच पुढे जा. सुक्या बर्फाने, म्हणजे उणे ७८ अंशांच्या घन कार्बन डायऑक्साइडने, ते काचेसारखे ठिसूळ होतात आणि ठोकले की टपाटप सुटतात. दिसायला भारी वाटतं. मात्र त्या बर्फाचा वायू जड असतो, गाडीच्या तळाशी साचतो आणि माणूस तिथेच वाकलेला असतो, तेव्हा दारं, डिकी, शेड सगळं सताड उघडं ठेवा आणि उघड्या हाताने बर्फ धरू नका. अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर ही ठोकाठोक पूर्ण वर्ज्य. आणि तुकडे पत्र्याला घट्ट बसलेले असतील, खाली गंज नसेल, तर ते का काढताय हे एकदा स्वतःला विचारा.

नमदा मात्र काढावाच लागेल. शेडमध्ये वर्षानुवर्षं उभ्या गाडीतला नमदा पाणी पिऊन बसलेला असतो, फ्लोअरचा पत्रा त्याच्याखालून सडतो. आणि त्यात उंदरांनी संसार थाटलेला असतो. लेंड्या किंवा घरटं दिसलं तर लगेच उचकटू नका, सुक्या लेंड्यांच्या धुळीतून हंटाव्हायरस पसरू शकतो. अर्धा तास दारं उघडी ठेवून बाहेर थांबा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून सगळं भिजवा, पाच मिनिटं थांबा, हातमोजे घालून उचला. ब्लीच पत्र्यावर तसंच राहू देऊ नका, पुसून कोरडं करा.

नवं काय घालायचं, हे तुम्ही पुढच्या पत्रात विचारणारच. आवाजासाठी ब्युटाइल रबराच्या अ‍ॅल्युमिनियमवाल्या पट्ट्या. अख्खा पत्रा मढवायची गरज नाही, मधला थरथरणारा पाव भाग झाकला तरी पत्र्याचा डबडबाट जातो. फायरवॉलला काचेच्या किंवा सिलिका तंतूची, वर फॉइल असलेली चटई, कडा फॉइलच्या पट्टीने बंद केलेल्या. स्पंजसारखा फोम फ्लोअरवर घालू नका, तो नमद्याचाच धाकटा भाऊ, पाणी धरून ठेवतो. आणि दुकानात ‘अ‍ॅस्बेस्टॉस-फ्री’ म्हणून सिरॅमिक वूल पुढे केली तर जरा थांबा. रिफ्रॅक्टरी सिरॅमिक फायबर आयएआरसीच्या २बी गटात आहे, माणसाला कर्करोग करण्याची शक्यता असलेल्यांत. ती भट्टीसाठी ठीक आहे. तुमच्या फायरवॉलला एवढी धग कधी लागत नाही.

प्रयोगशाळेचा निकाल काहीही येवो, त्याची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांत ठेवा आणि एक बॉनेटच्या आत, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा. गाडी कधी विकलीत तर ती घेणाऱ्याच्या हातात द्या. आणि उद्या ब्रेकसाठी मेकॅनिक आला तर त्याने नळी उचलायच्या आधी त्याला वाचून दाखवा.